बाटलीवरची रेघ

रेघ जिथल्या तिथं होती आणि माल खाली गेला होता. फार नाही, नखभर. पण गेला होता. तनुजानं बाटली खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली, डोळ्यांसमोर आणून पुन्हा पाहिली. काळ्या मार्करनं तिनं स्वतः ओढलेली बारीक रेघ, आणि रेघेच्या खाली काकवीसारखा दाट, पिवळसर पॉलिस्टर. हा माल मोठा लबाड. चमच्यानं खड्डा पाडून घेतला तरी सकाळपर्यंत आपोआप सपाट होतो, कुणी घेतला म्हणून कुरकुर करत नाही. म्हणून तर रेघ. कपाटाला कुलूप नव्हतं, कारण लॅबमध्ये कुलपं लावणं देवधर मॅडमना आवडत नसे. "ही प्रयोगशाळा आहे, सराफकट्टा नव्हे," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या आणि तो विषय तिथंच संपला होता. तनुजाच्या मनात पाल चुकचुकली म्हणावं तर तेही खरं नव्हे. ती पाल पावसाळ्यापासून तिथं मुक्कामालाच होती, आज फक्त मोठ्यानं बोलली. बेसिनपाशी रणजित पाठमोरा उभा राहून फ्लास्क धूत होता. नळ चालू होता आणि त्याचे खांदे नेहमीसारखेच थोडे वाकलेले होते, बसमध्ये दुसऱ्याला जागा करून द्यावी तसे. "रणजित," तिनं हाक मारली, "माझ्या कपाटाला हात लावलास का?" त्यानं आधी नळ बंद केला. मग तो वळला. उत्तर एका शब्दाचं होतं, पण त्या शब्दाच्या आधी त्यानं आवंढा गिळला आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, हे तिनं नीट पाहिलं. "नाही, ताई," तो म्हणाला. "बरं," तनुजा म्हणाली. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे 'बरं' समजावून सांगावं लागत नाही. तुझ्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण आत्ता भांडायला मला वेळ नाही, एवढं सगळं त्यात येतं. रणजित वणीचा होता. त्यालाही आता ते कळत असावं, कारण तो पुन्हा नळाकडे वळला, तेव्हा फ्लास्क स्वच्छ झालेला असूनही धूत राहिला.

सगळं होतं ते एका आकड्यासाठी. तनुजाचा मूळ रेणू साधा, तीन हातांचा: एक हात आम्लाचा, दोन अल्कोहोलचे. तेलाच्या बाथमध्ये फ्लास्क ठेवायचा, जरासं तीव्र आम्ल घालायचं, वरून नायट्रोजन सोडायचा, आणि माल वितळला की एकाचा आम्लाचा हात दुसऱ्याचा अल्कोहोलचा हात धरू लागतो. प्रत्येक पकडीला पाण्याचा एक कण सुटतो, तो पंपानं ओढून घ्यायचा, नाहीतर धरलेले हात पुन्हा सुटतात. अशानं सरळ दोरी होत नाही. फांदीला फांदी, तिला फांदी, असं बाभळीच्या झुडपासारखं काहीतरी तयार होतं. त्यात कुणाचे अल्कोहोलचे दोन्ही हात कामाला लागलेले असतात, कुणाचा एकच, आणि टोकाला उभ्या असलेल्यांचे दोन्ही मोकळे. दोन्ही हात गुंतलेले जितके जास्त, तितक्या फांद्या जास्त आणि तितका माल पातळ, रंगात घालायला गुणी. नशिबावर सोडलं तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं, जगात सगळीकडे तसंच येतं. तनुजाचं आलं होतं एकाहत्तर टक्के. मागच्या वर्षी तो आकडा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ती खुर्ची मागं सरकवून उठली आणि कँटीनला जाऊन एकटीनं दोन चहा प्यायली. मॅडमनी चष्मा काढून कागद जवळ धरला आणि त्या "हं" म्हणाल्या. देवधर मॅडमचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचा हारतुरा. प्रबंधाचा कणा तोच आकडा, शोधनिबंधाचं शीर्षक तोच आकडा. मग परदेशातल्या कुठल्याशा परीक्षकानं एक ओळ लिहून पाठवली, की दुसऱ्या कुणाच्या हातून हाच प्रयोग करून दाखवा. मॅडम म्हणाल्या, "दुसरा हात म्हणजे रणजितचा. त्याला तरी काय काम आहे!"

तनुजानंच त्याला शिकवलं होतं. तो प्रोजेक्टवर नवा आला, तेव्हा पहिला आठवडाभर त्याच्या शेजारी उभी राहून तिनं सगळं दाखवलं. तेल किती तापवायचं, पंप कधी जोडायचा, आणि मुख्य म्हणजे हे गुंतलेले-मोकळे हात मोजणाऱ्या एनएमआर यंत्राची काचेची नळी भरताना ॲसिटोन वापरायचा नाही. आम्लाचा अंश मागे राहिलेला असला, तर टोकाचे मोकळे हात ॲसिटोनलाच पकडून बसतात आणि आकडा खोटा फुगतो. ही चूक पूर्वी मोठमोठ्यांनी केलेली आहे. "मोकळ्या हाताच्या माणसानं हाताची घडी घातली," तिनं स्वतः घडी घालून दाखवली होती, "की लांबून वाटतं, दोन्ही हात कामात आहेत. कळलं?" रणजित हसला होता. शिकवायला बरा पोरगा होता तो, हे ती तेव्हा आईजवळही बोलली होती. आणि आता त्यानं प्रयोग तीनदा केला तर आकडे आले शेहेचाळीस, पंचेचाळीस, पुन्हा शेहेचाळीस. पहिल्यांदा तिला वाटलं, हात कच्चा आहे. दुसऱ्यांदा तिला त्याची दया आली. तिसऱ्यांदा मात्र ती एनएमआरच्या खोलीतून जिना उतरताना मधेच थांबली. कच्च्या हाताचे आकडे विखुरतात, एक इकडे तर एक तिकडे. ह्याचे तर एका रांगेत उभे होते, शाळेतल्या पोरांसारखे. हे ठरवल्याशिवाय होत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, असं तिला त्या जिन्यात पहिल्यांदा वाटलं, आणि मग ते कुठं मुरतंय हे शोधण्यात तिचे दिवस जाऊ लागले.

एकदा शोधायला लागलं, की सापडतंच. ती मागून आली की रणजित संगणकावरची खिडकी खाली करायचा. डबा खाताना पूर्वी तिच्या टेबलाशी बसायचा, आता बाहेर पायरीवर बसायचा. त्याची मुदत या महिन्यात संपत होती. मॅडमनी वाढवली तर पीएचडीला नाव नोंदवता येणार, नाही वाढवली तर वणीची गाडी. अशा माणसाला आपलं काहीतरी दाखवायचं असतं, आणि दुसऱ्याचा आकडा पाडून दाखवण्यासारखं सोपं काय आहे! त्यात त्याचे ते प्रश्न. एकदा द्रावणं आटवायच्या रोटाव्हॅपरपाशी उभा राहून म्हणाला, "ताई, मागच्या वर्षी गणपतीत आपली लॅब बंद होती का हो?" तनुजाच्या कानाला ते लागलं. "का? सुट्टी काढायचीय?" "नाही, असंच विचारलं." असंच! असंच कुणी गेल्या वर्षीच्या गणपतीची चौकशी करतं का? तिनं मनातल्या मनात त्याचा अर्थ लावला: ती हजर नसताना प्रयोग झाला असं त्याला दाखवायचं असणार. पुढच्या आठवड्यात पुन्हा: "ताई, माल इथरमध्ये ओतून खाली बसवायच्या आधी तुमचं द्रावण किती दिवस ठेवलं होतं?" "लिहिलंय ते वाच की." "लिहिलेलं नाही, ताई. म्हणून विचारलं." हे त्यानं इतकं हळू आणि इतकं सभ्यपणे म्हटलं की तिच्या अंगाची लाही झाली. त्या दिवसापासून बाटलीवर रेघ आली.

रेघ ओढण्याची सवय खराडीच्या घरातली होती. तिच्या वडिलांनी, बापूरावांनी, जन्मभर रेघा ओढल्या. तेलाच्या डब्यावर पेन्सिलीनं, कामवाल्या बाईसाठी. दुचाकीच्या पेट्रोलच्या टाकीत काडी घालून, मधल्या चुलतभावासाठी. आणि शेत होतं तेव्हा बांधावर, सख्ख्या भावासाठी. गेनबाकाका दर नांगरटीला बांध एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत सरकवतो, हे त्यांचं ठाम मत. पहाटे उठून ते बांधाच्या कडेनं पावलं टाकत जायचे, लहानगी तनुजा मागून. मधेच थांबून मातीत पुरलेला खुणेचा दगड पायानं उकरायचे आणि म्हणायचे, "बघ. कालच्यापरीस हललाय का न्हाई?" तनुजाला काहीच हललेलं दिसायचं नाही. पण वडील इतक्या आशेनं विचारायचे, की ती "हो, आप्पा" म्हणायची, आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर यायचा. त्या हाताचं वजन तिला अजून आठवतं. मग जमीन आयटीवाल्यांना गेली. मोजणीला यंत्रं आली, तीन पायांवर उभी, आणि बांध बरोबर जिथं असायला हवा तिथंच निघाला, सूतभरही इकडेतिकडे नाही. सगळे आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. आप्पा म्हणाले, "मशीनवाला मॅनेज केलाय त्यानं." गेनबाकाका वारला तेव्हाही ते दारातूनच परत आले, आत गेले नाहीत. आता चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, समोर त्यांच्याच रानावर उभी असलेली काचेची कंपनी. कंपनीच्या बसेस येतात, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं उतरतात, आणि आप्पा त्या काचेकडे बघून म्हणतात, "ह्यांनी पण फुटभर आत घेतलंय." घरात सगळे हसतात. तनुजाही हसायची. पण मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली आणि तिनं सहज, अगदी सहज, बाटलीचं सांगितलं, तेव्हा आप्पा हसले नाहीत. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. कितीतरी वर्षांनी ते तिच्याकडे तसे बघत होते. "रेघ मारली व्हतीस ना?" त्यांनी विचारलं. "हो, आप्पा." "मग झालं तर. त्योच हाय," ते म्हणाले. आणि तनुजाला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं.

बुधवारी ती मॅडमच्या खोलीत गेली. जाताना तिनं ठरवलं होतं, की नुसतं आकड्यांबद्दल बोलायचं. पण मॅडमनी "बस" म्हटलं, खिडकीचा पडदा सारला, आणि तनुजाच्या तोंडून एकेक निघत गेलं. आकडे एका रांगेत आहेत. स्क्रीन झाकतो. माझ्या बाटलीतला माल कमी झालाय. विचारलं तर नाही म्हणाला, पण मॅडम, त्याचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. "मी काही आरोप करत नाहीये," असंही ती म्हणाली, दोनदा. देवधर मॅडम पेन बोटांत फिरवत ऐकत होत्या. त्या कुणाचं पटकन खरं मानणाऱ्या नव्हत्या. वीस-पंचवीस वर्षं विद्यार्थी घडवता घडवता त्यांची जीभ तेवढी धारदार झाली होती. पण तनुजा त्यांची होती, आणि तो आकडाही थोडा त्यांचा होता. "दिसतो तर गरीब," त्या म्हणाल्या. "गरीब दिसणाऱ्यांकडे मी नेहमी दोनदा बघते. ठीक आहे. त्याच्या मुदतवाढीची फाईल माझ्याकडेच पडलीय, शुक्रवारी पाठवायचीय. तू एक कर, स्वतःच्या हातानं एकदा प्रयोग लाव. तुझा एकाहत्तर आला, की मला कुणाला काही विचारायची गरज नाही." तनुजा बाहेर आली. रणजित पायरीवर बसून डबा खात होता. तिला पाहून त्यानं डब्याचं झाकण सरकवून पुढं केलं, पूर्वी करायचा तसं. ठेच्याचा वास आला. "नको," ती म्हणाली.

तिनं प्रयोग लावला तो कसा, तर राखण बसावं तसा. मूळ रेणूची पूड स्वतः तोलली, फ्लास्क स्वतः धुतला, पुन्हा धुतला. फ्लास्कपासून हलली नाही, पाणी प्यायलाही गेली नाही. तेल तापलं, पांढरी पूड कडेनं पारदर्शक होत होत वितळली, आत बारीक बुडबुडे येऊ लागले. पंप जोडल्यावर ते एकदम वाढले आणि मग मंदावत गेले, पाणी सुटून जात होतं. एरवी हे बघताना तिला आईनं दूध आटवत बसावं तसं शांत वाटायचं. आज ती फ्लास्ककडे कमी आणि दाराकडे जास्त बघत होती. रणजित एकदा आत आला, तिला पाहून अडखळला, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मापाचं नळकांडं उचलून निघून गेला. बघितलंस? अडखळला! माल थंड झाल्यावर तिनं तो ॲसिटोनमध्ये विरघळवला आणि तशीच, हातासरशी, इथरमध्ये ओतून खाली बसवला, म्हणजे मधे कुणाला हात लावायला फटच राहायला नको. धुतला, सुकवला, नळी भरली, यंत्रावर स्वतः नेऊन दिली. आकडा आला शेहेचाळीस.

तिनं हिशेब पुन्हा करून पाहिला, आकडा तोच. पहिला विचार आला तो असा: त्यानं पुडीतच काहीतरी कालवलंय. अर्थातच! मूळ बरणीच बिघडवली की कुणीही करो, आकडा पडणारच. किती साधं होतं, आणि किती हुशार. तिनं स्टोअरमधून नवीन, सीलबंद बरणी मागवली, सील नखानं तपासलं, भिंगातून तपासलं, आणि सगळं पुन्हा केलं. शुक्रवारी सकाळी आकडा आला सत्तेचाळीस. तनुजानं ती रिकामी केलेली बरणी हातात घेतली, झाकणाला चिकटलेला सीलचा तुकडा बघितला, आणि तिच्या मनात अगदी स्पष्ट वाक्य उमटलं: सीलवालाच मॅनेज केलाय त्यानं. वाक्य तिचं होतं, आवाज आप्पांचा होता. तिनं बरणी खाली ठेवली. खोलीत कुणी नव्हतं, तरी कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ हसूही, आणि हसू आलं म्हणून आणखी भीती वाटली.

मग जुनी पूड आणि नवी पूड यांत फरक तरी काय, हे दाखवण्यासाठी तिनं मागच्या वर्षीचा एनएमआरचा आलेख उघडला. अजूनही तिला काहीतरी दाखवायचंच होतं. लॅबची एक पद्धत होती, आणि ती पद्धत मॅडमची होती. कामाची तीन शिखरं तेवढी मोठी करून छापायची: दोन्ही हात गुंतलेल्यांचं, एक हात गुंतलेल्यांचं, आणि मोकळ्यांचं. "मला तीन शिखरं दाखवा, सगळा हिमालय नको," असं मॅडम म्हणायच्या, आणि मुलं तेवढा तुकडा कापून साठवायची. तनुजानं वर्षभर तो तुकडाच पाहिला होता. प्रबंधात तो होता, भिंतीवरच्या पोस्टरवर तो होता, तिच्या फोनमध्येही होता. आज तुलना करायची म्हणून तिनं आलेख पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण उघडला. आणि तिथं, त्या तीन शिखरांपासून लांब, आलेखाखालच्या पट्टीवर अठ्ठ्याण्णवच्या आकड्यापाशी, एक बारीक, सरळ, कुणाचं काही न बिघडवता उभं असलेलं शिखर होतं. पॉलिस्टरमध्ये त्या जागी काही म्हणजे काही असायचं कारण नाही. तिथं एकच गोष्ट येते. ॲसिटोनला धरून बसलेले मोकळे हात.

खिडकी आठवली तिला. गेल्या वर्षीचे गणपती. प्रयोग झाला, माल ॲसिटोनमध्ये विरघळवला, आणि इथर संपलं होतं. स्टोअरचा माणूस गावाला गेलेला. उद्या करू म्हणून तिनं द्रावणाची बाटली खिडकीत ठेवली आणि घरी गेली, तर घरी गौरी, मग आप्पांचा ताप, मग विसर्जन; पेठांकडचे रस्ते बंद म्हणून आणखी दिवस गेला. परत आली तेव्हा बाटलीवर ऊन पडलेलं होतं, तेही आठवलं, सोनेरी दिसत होती म्हणून क्षणभर थांबून तिनं ती पाहिली होती. आम्ल तेव्हा अजून काढलेलं नव्हतं. इतके दिवस त्या उन्हात, आमचं आम्हाला बरंय म्हणत, टोकाचे मोकळे हात एकामागून एक ॲसिटोन धरून बसत होते, आणि पुढं यंत्रानं त्यांना गुंतलेल्यांत मोजलं. नळीत ॲसिटोन घालायचा नाही, हे ती रणजितला घडी घालून शिकवत होती. नळी तिनं सांभाळली होती, बाटली खिडकीत विसरली होती. रणजितचा हात कच्चा नव्हता. शिकवलेलं त्यानं तंतोतंत ऐकलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. एकाहत्तर कधी नव्हताच. मग एकदम रडू आलं, ते तिनं ॲप्रनच्या बाहीत दाबलं.

रणजित आतल्या खोलीत ओट्यापाशी उभा होता. समोर त्याच्या छोट्या बाटल्या मांडलेल्या, हातात कापूस. तिनं दार लोटलं तशी ॲसिटोनची झळ नाकात गेली. "अठ्ठ्याण्णवला एक शिखर आहे," ती म्हणाली. सुरुवात कशी करायची ते तिला सुचलंच नाही. त्यानं कापूस खाली ठेवला. "तुला माहीत होतं?" त्यानं मान हलवली. "कधीपासून?" "तुम्ही विचारलं ना, ताई, कपाटाला हात लावला का म्हणून. त्याच्या आधीच्या संध्याकाळी. मी थोडं घेतलं होतं तुमच्यातलं. फुल रेंज रन केला." "म्हणजे घेतलंस." "घेतलं." "आणि मला नाही म्हणालास." तिच्या आवाजाला पुन्हा धार आली, तिला ती ऐकू आली आणि तरी थांबवता आली नाही. रणजित आपल्या बोटांकडे बघत राहिला. "सांगणारच होतो मी सकाळी. कसं सांगावं, ते रूमवर घोकत होतो. पण तुम्ही असं विचारलं... त्या आवाजात कुणी विचारलं ना ताई, तर माणूस नाहीच म्हणते." वणीचं बोलणं त्याच्या तोंडी कधी नव्हे ते आलं होतं. "मग नाही म्हटल्यावर पुढं काय सांगणार? सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाल्या असतात, आधी हात का लावला ते बोल." नेमकं तेच तनुजाच्या जिभेवर होतं. "मी मॅडमना सांगते," ती शेवटी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता सांगते. चूक माझी आहे." "हो," तो म्हणाला, आणि किंचित हसला, आणि त्यानं कापूस पुन्हा उचलला.

देवधर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. तनुजानं पूर्ण आलेख पुढं ठेवला, अठ्ठ्याण्णववर बोट ठेवलं, खिडकी सांगितली, ऊन सांगितलं, गौरी-गणपती सांगितले. "माझा आकडा चुकीचा आहे, मॅडम. त्याचा बरोबर आहे. निबंध मागे घ्यावा लागेल." बोलताना तिला हलकं वाटत होतं, इतक्या दिवसांनी छाती भरून श्वास येत होता. मॅडमनी कागद उचलला नाही. "हे शिखर तुला कुणी दाखवलं?" त्यांनी विचारलं. "मीच पाहिलं." "त्याच्याशी बोललीस?" "हो. आत्ताच. त्यालाही दिसलं होतं आधी." "कशात दिसलं?" "माझ्या... त्यानं माझ्या बाटलीतलं थोडं घेतलं होतं." "म्हणजे घेतलं होतं. तू म्हणत होतीस तसंच." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चोरून घेतलं, तुला तोंडावर खोटं सांगितलं, आणि आज तू येऊन मला सांगतेस की तो बरोबर." "पण मॅडम, आलेख..." "आलेख मी बघेन. मला दिसतं अजून. मी वेगळं विचारतेय." त्या उठल्या आणि दार लावून आल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. तनुजानं तो इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "फाईल आज जायची होती, तुझ्या आकड्यासाठी मी थांबले नाही. सकाळीच त्याला बोलावून सांगितलं, की एक तारखेपासून येऊ नकोस. आणि दुपारी तू ही अशी माझ्यासमोर, डोळे सुजलेले. मी काही कालची पोर नाही, तनुजा. खरं सांग मला. तो तुला काही बोलला का? काही दबाव, धमकी?"

सकाळीच सांगितलं होतं. म्हणजे ती आतल्या खोलीत गेली, तेव्हा त्याला माहीत होतं. तो कापूस, ती झळ, ओट्यावर मांडलेल्या त्या बाटल्या: मार्करचं नाव ॲसिटोननं पुसलं जातं, आणि तो एकेका बाटलीवरचं आपलं नाव पुसत होता. तिच्यासमोर उभा राहून पुसत होता, आणि ती त्याला विचारत होती, की तू माझ्या बाटलीला हात का लावलास. मॅडम वाट बघत होत्या. तनुजानं बोलायला तोंड उघडलं, तर घसा कोरडा पडला होता. तिनं आवंढा गिळला. तो गिळताना तिला मॅडमची नजर दिसली, सरळ तिच्या गळ्यावर.

"नाही," तनुजा म्हणाली.

"बरं," मॅडम म्हणाल्या.